नोटिशीतला आयपी ॲड्रेस अभ्यासिकेचा आहे म्हणतात. त्यामागचा माणूस मी कसा सांगणार?

कृष्णाकाठ (प्रश्न):

नमस्कार. कराडमध्ये मी सहा वर्षांपासून स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका चालवते. खाली दोन खोल्या, वर पत्र्याची एक, मिळून बावन्न खुर्च्या आहेत; सकाळी सहाला कुलूप निघते आणि रात्री अकराला लागते. वाय-फाय महिन्याच्या शुल्कातच धरलेले आहे, आणि खरे सांगायचे तर निम्मी मुले पंखा आणि वाय-फाय यांच्यासाठीच येतात. कनेक्शन एकच आहे, गल्लीतल्या केबलवाल्याकडून घेतलेले आणि माझ्या नावावर असलेले. पासवर्ड पाण्याच्या फिल्टरवर कागद चिकटवून लिहिलेला आहे आणि तो दोन वर्षांत बदललेला नाही.

मागच्या आठवड्यात पोलीस ठाण्यातून हवालदार लेखी नोटीस घेऊन आले. एका मुलीच्या नावाने आणि तिच्या छायाचित्रांनी समाजमाध्यमावर कोणीतरी बनावट खाते उघडले असून, ते ज्या आयपी ॲड्रेसवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या ज्या पत्त्यावरून, उघडले गेले तो माझ्या कनेक्शनचा आहे, असे त्यात म्हटले आहे. पुढे आयपी ॲड्रेस, ४ सप्टेंबर ही तारीख आणि २१:१४ ही वेळ एवढाच तपशील आहे, आणि त्या वेळी हे कनेक्शन कोण वापरत होते याची माहिती सात दिवसांत द्यावी, असे कळवले आहे.

मी माझ्या परीने शोधायला बसले तेव्हा गोंधळ वाढतच गेला. माझ्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये १९२.१६८.१.७ असा आयपी ॲड्रेस दिसतो, आपला आयपी सांगणाऱ्या संकेतस्थळावर वेगळाच दिसतो, आणि नोटिशीत तिसराच आहे. त्या संकेतस्थळाच्या नकाशावर मी मुंबईत आहे, दुसऱ्या एका संकेतस्थळाच्या मते पुण्यात. कराडचे नाव कोणीच घेत नाही. राऊटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी सापडली, तर तिच्यात 'गॅलेक्सी-ए१४', 'रेडमी', 'आयफोन' आणि चार ठिकाणी नुसतेच 'अँड्रॉइड' असे लिहिलेले. यातून मी कोणाचे नाव काढू?

माझ्या शंका थोडक्यात अशा आहेत. आयपी ॲड्रेसवरून खरोखर माणूस ओळखता येतो का, आणि कनेक्शन माझ्या नावावर असल्यामुळे दोष माझ्याकडे येतो का? एका परिचितांनी सुचवले आहे की विद्यार्थी कोणकोणती संकेतस्थळे पाहतात याची नोंद ठेवणारी प्रणाली बसवून टाका, म्हणजे पुन्हा असा प्रसंग येणार नाही. मला ते पटत नाही. इथे मुली बसतात, कोणी आजाराविषयी काही शोधत असेल, कोणी घरी न सांगता नोकरीचा अर्ज भरत असेल. ते पाहण्याचा अधिकार मला कोणी दिला? बरीच मुले मोफत व्हीपीएन, म्हणजे आपला आयपी ॲड्रेस लपवणारी ॲप, वापरतात असेही कळले आहे. त्याने माझी अडचण कमी होते की वाढते, हेही जाणकारांनी सांगावे.

राऊटरदुरुस्ती (उत्तर):

ताई, माझी पंधरा वर्षे लोकांच्या गच्च्यांवर वायरी ओढण्यात गेली आहेत, तेव्हा आधी त्या तीन आकड्यांचा उलगडा करतो; बाकीचे बरेचसे त्यातूनच निघेल.

लॅपटॉपवर दिसणारा १९२.१६८.१.७ हा पत्ता एकट्या तुमचा नाही. १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ या टप्प्यातले पत्ते १९९६ पासून खासगी वापरासाठी या स्वरूपात राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे याच आकड्याचे यंत्र आत्ता माझ्याही घरात असू शकते आणि त्यात काहीच बिघडत नाही. हे पत्ते तुमचा राऊटर आतल्या आत वाटतो आणि बाहेर बोलताना सगळ्यांच्या वतीने एकच पत्ता पुढे करतो. जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. पोस्टमनला वाड्याचा घर क्रमांक माहीत असतो, आतल्या कोणत्या खोलीत कोणते बिऱ्हाड आहे ते फक्त मालकिणीला माहीत असते. तुमची अभ्यासिका हा वाडा आणि राऊटर ही मालकीण; मात्र ही मालकीण फार विसराळू आहे आणि वीज गेली की तिला कालचे काहीही आठवत नाही.

आता खरी गोम पुढे आहे. राऊटरच्या पानावर 'वॅन' असे लिहिलेल्या रकान्यातला पत्ता पाहा. त्याची सुरुवात १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने किंवा १० ने होत असेल, तर तुमच्या केबलवाल्याने तुम्हाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता दिलेलाच नाही. त्याच्याकडचे एक मोठे यंत्र अनेक ग्राहकांना मिळून एक पत्ता वापरायला देते. म्हणजे आता वाड्याचा नव्हे, सबंध आळीचा घर क्रमांक एकच झाला. याला कारण टंचाई आहे. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला आणि आशिया-पॅसिफिकचा सर्वसाधारण वाटपाचा साठा त्याच वर्षी एप्रिलमध्ये आटला. १००.६४ पासूनचा तो पट्टा २०१२ मध्ये नेमका या सामाईक वापरासाठी काढून दिला गेला. लहान केबलवाल्यांकडे सार्वजनिक पत्ते मूठभर आणि ग्राहक हजारो, त्यामुळे त्यांनाही दुसरा इलाज नाही.

अशा व्यवस्थेत नुसत्या आयपी ॲड्रेसवरून ग्राहकसुद्धा निश्चित होत नाही, मग माणूस तर दूरच राहिला. त्यासाठी आणखी दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे पोर्ट क्रमांक. एका पत्त्यावरून होणारी प्रत्येक जोडणी ० ते ६५,५३५ यांपैकी एका क्रमांकाच्या दाराने बाहेर पडते, आणि कोणत्या क्षणी कोणते दार कोणत्या ग्राहकाला दिले होते याची नोंद केबलवाल्याकडे असायला हवी. इंटरनेटचे तांत्रिक संकेत ठरवणाऱ्या आयईटीएफने जून २०११ मध्येच संकेतस्थळ चालवणाऱ्यांना सुचवले होते की आयपी ॲड्रेसबरोबर पोर्ट क्रमांकही नोंदवत जा. पुष्कळ जण आजही तो नोंदवत नाहीत. तुमच्या नोटिशीत पोर्ट क्रमांक नाही, त्यामुळे केबलवाल्याने तुमचेच नाव कशावरून दिले, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

दुसरी गोष्ट वेळ. २१:१४ ही वेळ भारतीय की जागतिक प्रमाणवेळ? परदेशी कंपन्यांच्या नोंदी बहुधा जागतिक वेळेत असतात आणि आपण तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहोत. ती वेळ जागतिक असेल तर भारतात तेव्हा ५ सप्टेंबरच्या पहाटेचे २ वाजून ४४ मिनिटे झाली होती, आणि तुमच्या दाराला कुलूप होते. उत्तर देण्याआधी ठाण्यात जाऊन कंपनीच्या मूळ पत्रात वेळेपुढे काय लिहिले आहे ते नक्की पाहून घ्या.

नकाशाचे फारसे मनावर घेऊ नका. आयपी ॲड्रेसचे ठिकाण सांगणाऱ्या कंपन्या तो पत्ता कोणाच्या नावावर नोंदला आहे आणि इतर काही खाणाखुणा यांवरून अंदाज बांधतात, म्हणून पुष्कळदा केबलवाल्याच्या वरच्या कंपनीचे शहर दिसते. अमेरिकेत एका अशा कंपनीने 'देश ठाऊक, गाव ठाऊक नाही' अशा पत्त्यांसाठी देशाच्या मध्याजवळचा एक गोल आकडा भरून ठेवला होता. तो बिंदू कॅन्सस राज्यातल्या एका शेतघरावर पडला, आणि ६० कोटींहून अधिक पत्ते त्या एका घराकडे बोट दाखवू लागले. तिथे राहणाऱ्यांच्या दारात वर्षानुवर्षे पोलीस आणि चिडलेले लोक येत राहिले. २०१६ मध्ये बातमी झाल्यावर कंपनीने तो बिंदू उचलून एका जलाशयात नेऊन ठेवला.

नोटिशीतला पत्ता आकडे-अक्षरांचा लांबलचक, म्हणजे आयपीव्ही६ चा असता तर प्रकार निराळा झाला असता. त्यात टंचाई नाही, म्हणून प्रत्येक फोनला आपला स्वतंत्र पत्ता मिळतो. पत्त्याचा पहिला अर्धा भाग साधारणपणे तुमच्या कनेक्शनकडे नेतो आणि दुसरा अर्धा यंत्राचा असतो. हल्लीचे फोन तो दुसरा भाग ठरावीक काळाने मुद्दाम बदलत राहतात, म्हणजे एकाच फोनचा माग कोणाला सलग काढता येऊ नये.

वकिली चष्मा (उत्तर):

कृष्णाकाठ, तांत्रिक बाजू वर नीट आली आहे, म्हणून मी कायद्यापुरतेच लिहितो. हे सर्वसाधारण माहितीसाठी आहे; उत्तर देण्यापूर्वी नोटीस तिथल्या एखाद्या वकिलाला अवश्य दाखवा.

नोटिशीच्या माथ्यावर कलम कोणते आहे ते आधी पाहा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ९४ असेल तर तुमच्याकडे कागदपत्रे किंवा वस्तू मागितल्या आहेत. कलम १७९ असेल तर साक्षीदार म्हणून बोलावले आहे, आणि त्या कलमानुसार स्त्रीला तिच्या राहत्या ठिकाणाखेरीज अन्यत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. स्वतःहून जायची तयारी असेल तर जाता येतेच. कलम ३५ चे पोटकलम ३ असेल, तर मात्र तुमच्याकडे संशयाने पाहिले जात आहे असे समजा आणि वकिलाशिवाय पुढचे पाऊल टाकू नका.

कनेक्शन नावावर आहे एवढ्यावरून गुन्हा तुमच्या नावावर चढत नाही. परंतु उत्तर देताना जे माहीत आहे तेवढेच लिहा: कनेक्शन कधीपासून आहे, किती जण वापरतात, पासवर्ड सर्वांना सारखाच होता, वेळेची नोंद आहे किंवा नाही. माहीत नसलेले 'माहीत नाही' असेच लिहा. एखाद्या मुलाचा संशय येतो म्हणून अंदाजाने त्याचे नाव लिहून देण्याचा मोह होईल. तो कटाक्षाने टाळा. राऊटर रीसेट करू नका, हजेरीपट फाडू नका, सीसीटीव्हीचे चित्रण असेल तर त्याची प्रत काढून ठेवा.

नाव देण्याची घाई किती महागात पडते याची उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी अवमानकारक मजकूर टाकल्याच्या आरोपावरून २००७ च्या ऑगस्टमध्ये बंगळुरूच्या एका तरुण अभियंत्याला पुणे पोलिसांनी अटक केली. त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा धागा एकच होता, तो म्हणजे आयपी ॲड्रेस आणि त्यावरून इंटरनेट कंपनीने कळवलेले ग्राहकाचे नाव. ते नाव चुकीच्या ग्राहकाचे निघाले, पण तोवर त्या तरुणाचे सुमारे ५० दिवस येरवड्याच्या तुरुंगात गेले होते.

दुसरे उदाहरण पुढच्याच वर्षीचे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी स्फोट झाले, त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता, आणि त्याचा आयपी ॲड्रेस नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थांच्या घरचा निघाला. चौकशीअंती दिसले ते असे, की त्यांचे वाय-फाय दुसऱ्याच कोणी बाहेरून वापरले होते. पहिल्या प्रकरणात नाव चुकीच्या ग्राहकाचे होते. दुसऱ्यात ग्राहक बरोबर होता, माणूस चुकीचा होता. तुमच्या प्रकरणात या दोन्ही शक्यता शिल्लक आहेत.

एका बाबतीत मात्र मी तुम्हाला सावध करीन. माहिती तंत्रज्ञान कायद्यातली सायबर कॅफेची व्याख्या फार रुंद आहे: नेहमीच्या व्यवसायाच्या ओघात जनतेला जिथून इंटरनेट उपलब्ध करून दिले जाते अशी कोणतीही सुविधा तीत येते. फक्त सभासदांसाठी असलेली अभ्यासिका तीत बसते का, यावर दोन्ही बाजूंनी वाद घालता येईल. पण ती बसते असे कोणी म्हटले, तर २०११ च्या सायबर कॅफे नियमांप्रमाणे ओळखपत्र पाहणे आणि वापरणाऱ्यांची नोंद किमान एक वर्ष ठेवणे बंधनकारक ठरते. त्याच नियमांत पाहिलेल्या संकेतस्थळांचा इतिहास जपण्याचीही तरतूद आहे. माझ्या मते ती कॅफेतले स्वतःचे संगणक नजरेसमोर ठेवून लिहिलेली आहे आणि विद्यार्थ्याच्या खिशातल्या फोनला तशीच्या तशी लावणे ओढूनताणून होईल, तरीही हा मुद्दा स्थानिक वकिलासमोर ठेवाच. शिवाय कनेक्शनचा प्लॅन घरगुती आहे की व्यावसायिक, हेही तपासा. घरगुती प्लॅनच्या अटींत असा वापर पुष्कळदा मना असतो.

परीक्षार्थी (उत्तर):

मी स्वतः चार वर्षे अशाच अभ्यासिकांमध्ये बसलो आहे, म्हणून खुर्चीच्या या बाजूने लिहितो. ताईंनी 'मला ते पटत नाही' असे लिहिले हे वाचून बरे वाटले, कारण आमच्या आधीच्या अभ्यासिकेच्या मालकांना ते पटले होते. कोणता मुलगा खासगी नोकरीच्या संकेतस्थळावर दिवसातून किती वेळा जातो हे ते चहाच्या टपरीवर सांगत असत, आणि ते एकाच्या वडिलांपर्यंत गेले. त्यानंतर आम्ही सगळ्यांनी मोफत व्हीपीएन घातले. मुले व्हीपीएन का वापरतात याचे उत्तर पुष्कळदा इतके साधे असते.

आता राऊटरच्या मालकाला नेमके काय दिसू शकते, याविषयी. पत्त्याच्या पट्टीत 'एचटीटीपीएस' असेल तर पानावरचा मजकूर, भरलेला अर्ज, पासवर्ड यांतले काहीही त्याला वाचता येत नाही. पण कोणत्या संकेतस्थळाशी जोडणी झाली त्याचे नाव बहुतेक वेळा दिसते, कारण त्या नावाचा आयपी ॲड्रेस विचारणारी डीएनएसची चौकशी नेहमीच्या मांडणीत उघडीच जाते आणि जोडणीच्या सुरुवातीलाही ते नाव सहसा उघडेच सांगितले जाते. म्हणजे पाकिटातले पत्र वाचता येत नाही, पण पाकीट कोणत्या दवाखान्याच्या नावाने गेले ते कळते. आणि छोट्या गावात तेवढे पुरते. फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' चालू केल्यास यातला पहिला मार्ग बंद होतो.

आणखी एक सांगतो, कारण आयपी ॲड्रेस लपवला की आपण अदृश्य झालो असा समज आमच्या पिढीतही आहे. व्हीपीएन लावून त्याच जीमेल खात्यात शिरले, तर शिरणारा कोण हे खातेच सांगते. खाते नसले तरी ब्राउझरमधल्या कुकीज, म्हणजे संकेतस्थळांनी ठेवलेल्या खुणा, असतात. त्या पुसल्या तरी पडद्याचा आकार, फॉन्ट, भाषा, आवृत्ती असा शंभर बारीक गोष्टींचा ठसा उरतो: अमेरिकेतल्या ईएफएफ या संस्थेने २०१० मध्ये सुमारे पावणेपाच लाख ब्राउझर तपासले तेव्हा त्यांतले ८३.६ टक्के इतरांहून वेगळे ओळखू आले होते. जाहिरातवाल्यांना तुमच्या आयपी ॲड्रेसची गरज आपण समजतो त्यापेक्षा बरीच कमी असते.

कृष्णाकाठ (प्रश्नकर्ती):

सर्वांचे मनापासून आभार. काल नोटिशीची प्रत घेऊन, एका वकीलबाईंना सोबत नेऊन ठाण्यात गेले होते. तपास करणाऱ्या अधिकारी बाईंनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि कंपनीचे मूळ पत्र काढून दाखवले. वेळेपुढे 'यूटीसी', म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, अशी तीन अक्षरे होती. नोटीस टंकताना ती गळली. म्हणजे ती वेळ पहाटे २:४४ चीच.

त्याहून नवल वाटावे अशी गोष्ट निराळी निघाली. पत्रात पोर्ट क्रमांक नव्हता, आणि केबलवाल्याने त्या क्षणी तो आयपी ॲड्रेस ज्यांच्या ज्यांच्याकडे होता त्या सगळ्यांची नावे कळवली होती. आम्ही बारा जण आहोत! एक किराणा दुकान, दोन दवाखाने, बाकी घरे; प्रत्येकाला तीच नोटीस गेली आहे आणि प्रत्येक जण आपल्याच घरातल्या मुलाकडे संशयाने पाहत आठवडाभर बसला होता. राऊटरच्या 'वॅन' रकान्यातही १००.८३ ने सुरू होणारा पत्ताच आहे, हे आज पाहिले.

तरीही मी सुटले असे मला म्हणवत नाही. दाराला कुलूप असले तरी कॅमेऱ्यांसाठी राऊटर रात्रभर चालू असतो, आणि मागच्या भिंतीला लागूनच मुलांचे वसतिगृह आहे. अकरानंतर गच्चीवर बसलेल्या मुलांच्या फोनवर आमचे वाय-फाय येते हे मला ठाऊक होते. बिचारी मुले, घेऊ देत थोडे नेट, म्हणून मी दुर्लक्ष केले होते. राऊटरमधली जुनी नोंद पाहायला गेले तर पहिल्या ओळीवर १ जानेवारी १९७० अशी तारीख आहे. हे काय असते? आणि पुढे नोंद ठेवायची तर कशी ठेवू, म्हणजे नोटिशीला उत्तरही देता येईल आणि टपरीवर सांगण्याजोगे माझ्याकडे काही उरणारही नाही?

राऊटरदुरुस्ती (उत्तर):

ताई, १९७० चे रहस्य सोपे आहे. साध्या राऊटरमध्ये घड्याळाला वेगळी बॅटरी नसते. वीज जाऊन आली की त्याचे घड्याळ संगणकांच्या एका ठरलेल्या आरंभबिंदूवर, म्हणजे १ जानेवारी १९७० वर परतते, आणि इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत तिथूनच मोजत राहते. सेटिंगमध्ये 'एनटीपी' नावाची सोय असते ती चालू करा, वेळक्षेत्र भारतीय निवडा आणि राऊटरला छोटा यूपीएस लावा. घड्याळ चुकीचे असेल तर बाकीची नोंद कितीही काटेकोर ठेवली तरी ती वाया जाते. साडेपाच तासांच्या फरकाने काय होते ते तुम्ही आत्ताच अनुभवले.

नोंदीबाबत माझे मत स्पष्ट आहे: कोण आणि केव्हा एवढेच नोंदवा, काय पाहिले ते नोंदवू नका. त्यासाठी सर्वांना एक पासवर्ड देणे थांबवून प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचे नाव आणि स्वतःचा पासवर्ड द्यावा लागेल. 'हॉटस्पॉट' पद्धतीचे राऊटर बाजारात मिळतात, त्यात विद्यार्थी आधी एका पानावर नाव-पासवर्ड भरतो आणि मगच नेट सुरू होते. कोणत्या नावाला किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत आतला कोणता पत्ता दिला होता, ही ओळ राऊटर दुसऱ्या संगणकाकडे पाठवत राहतो. या ओळींत संकेतस्थळ येत नाही. वकीलबाई सांगतील तेवढा काळ, कमीत कमी वर्षभर, त्या ठेवा आणि मुदत संपली की पुसा. केबलवाल्यांनाही आपल्याकडच्या जोडण्यांच्या नोंदी २०२१ च्या शेवटी झालेल्या बदलापासून किमान दोन वर्षे सांभाळाव्या लागतात, त्यामुळे बाहेरची बाजू त्यांच्याकडे आणि आतली तुमच्याकडे, असा सांधा जुळतो.

एवढ्याने मुठीत धरल्यासारखे सगळे निश्चित होईल असे मात्र मी म्हणत नाही. बाहेरून पोर्ट क्रमांक आला नाही, तर त्या वेळी जोडलेल्या तीस जणांची यादी मिळेल, एकाचे नाव मिळणार नाही. आणि ती यादीच द्यावी, त्यातून निवड करणे आपले काम नव्हे. यंत्राच्या मॅक क्रमांकावर, म्हणजे वाय-फायला दिसणाऱ्या त्याच्या ओळख क्रमांकावर, विसंबण्याचा सल्ला कोणी देईल, पण २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायला मुळातच बनावट मॅक क्रमांक दाखवतात. त्या जाळ्यापुरता तो सहसा टिकतो, पण फोनचा कारखान्यातून आलेला मूळ क्रमांक तो हा नव्हे. रात्री अकराला वाय-फाय आपोआप बंद होईल अशीही सोय असते. कॅमेरे वायरने जोडा, म्हणजे त्यांना त्याची झळ लागणार नाही.

प्रवेश घेताना ओळखपत्र पाहा, पण आधारच्या छायाप्रतींचा गठ्ठा कपाटात साठवू नका. शेवटचे चारच आकडे दाखवणारे झाकलेले आधार यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून काढता येते, ते पुरेसे आहे. चोरीला गेल्यावर त्रास होईल असे आपल्याकडे जितके कमी, तितके बरे.

आता व्हीपीएन, ज्यावर परीक्षार्थींशी माझा थोडा मतभेद आहे. मुलांनी ते का घातले ते मला कळते, आणि त्या मालकांचे वागणे लाज वाटावी असेच होते. पण व्हीपीएनने विश्वास नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो: जे केबलवाल्याला आणि अभ्यासिकेला दिसत होते ते आता व्हीपीएन कंपनीला दिसते. अशा कंपन्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते आणि त्यांना दिलेले आयपी ॲड्रेस पाच वर्षे जपावेत, असा निर्देश सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढला, आणि त्यानंतर काही मोठ्या परदेशी कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हरच बंद केले. त्या निदान पैसे घेणाऱ्या होत्या. मोफत देणारा आपला खर्च कुठून काढतो, हे विचारायला हवे.

याचे एक उत्तर ताईंच्या थेट कामाचे आहे. काही मोफत व्हीपीएन तुमच्या यंत्राचा उपयोग परक्यांच्या वाहतुकीसाठी बाहेर पडण्याचे दार म्हणून करतात, म्हणजे भलत्याच देशातला माणूस तुमच्या कनेक्शनच्या आयपी ॲड्रेसने इंटरनेटवर वावरतो. 'होला' या लोकप्रिय मोफत सेवेबाबत हे २०१५ मध्ये उघड झाले. २०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या न्याय विभागाने '९११ एस५' नावाचे जे जाळे मोडले, त्यात 'मास्कव्हीपीएन', 'ड्यूव्हीपीएन' अशा मोफत सेवांच्या आडून १ कोटी ९० लाखांहून अधिक आयपी ॲड्रेस गुन्हेगारांना भाड्याने दिले जात होते. तेव्हा पाण्याच्या फिल्टरवरचा तो कागद काढाल, तिथे मोफत व्हीपीएनविषयी दोन ओळी लिहून लावा, पण त्याखाली 'तुम्ही काय पाहता याची नोंद येथे ठेवली जात नाही' हेही लिहा. ती ओळ खरी असेल तर मुले पहिल्या दोन ओळी ऐकतील.

परीक्षार्थी (उत्तर):

मतभेद उरलेला नाही. मोफत व्हीपीएनचा हा प्रकार मला ठाऊक नव्हता. फोनमधले ते ॲप आत्ताच काढून टाकले. एक सूचना: कोणत्या नोंदी ठेवल्या जातात, किती दिवस, आणि त्या कोणाला व कोणत्या कागदावर दिल्या जातील, हे प्रवेशाच्या अर्जावरच छापा. मी सही करीन.

कृष्णाकाठ (प्रश्नकर्ती):

नवीन राऊटरची चौकशी करून आले. वकीलबाईंनी लेखी उत्तर तयार केले आहे. त्यात सभासदांची संख्या, सामाईक पासवर्ड, कुलपाची वेळ आणि रात्री चालू राहिलेला राऊटर, या चारही गोष्टी जशा आहेत तशा लिहिल्या आहेत आणि कोणाचेही नाव लिहिलेले नाही. अधिकारी बाईंनी कंपनीकडे पोर्ट क्रमांक पुन्हा मागितला आहे. ज्या मुलीचे खाते कोणीतरी बनवले तिचा विचार मनातून जात नाही. ते खाते आता बंद झाले आहे, एवढे त्यांनी जाताना सांगितले. कागद फिल्टरवरून काढला आहे.